निळी जीभ आणि साडेसहाची गाडी

मागच्या महिन्यात एका धावपटू मुलीचं नाव टीव्हीवर दिवसभर फिरत होतं. तिच्या तपासणीत म्हणे कसलंसं औषध सापडलं. फेरतपासणीसाठी ठेवलेली नमुन्याची दुसरी बाटली अजून उघडायची होती, तिचं म्हणणं अजून कुणी विचारलं नव्हतं, पण चर्चेला बसलेल्या चौघांनी तिला केव्हाच चोर ठरवून टाकलं होतं. त्यातल्या एकाला तर तिच्या धावण्यावरून आधीपासूनच शंका येत होती. मला राग आला आणि मी टीव्ही बंद केला. तेव्हा आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "का हो, तुमच्याच धंद्यातली माणसं ना ती?"

चाळीस वर्षांहून जास्त संसार झालेल्या बाईला कुठं टोचायचं ते बरोबर ठाऊक असतं. त्या संध्याकाळीच ठरवलं की यंदा दिवाळी अंकासाठी संपादकांनी आठवणी मागितल्यात, तर बाळारामची गोष्ट लिहून टाकायची. बाटल्या नव्हत्या, प्रयोगशाळा नव्हती, टीव्ही नव्हता, तरी जे आज त्या मुलीचं झालं ते मी भिवंडीत बसून एकट्यानं करून दाखवलं होतं. तेही फुलस्केपच्या दीड पानात.

आधी माझा धंदा सांगतो. पोटापाण्याला मी शाळामास्तर. शाळा सुटली की ठाण्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचा भिवंडीचा बातमीदार. नगरपालिकेच्या सभा, यंत्रमागांचे संप, वज्रेश्वरीची जत्रा, कुणाची बदली, कुणाचा सत्कार, सगळं मीच. पण जीव कबड्डीत. सत्तरच्या दशकात आमच्याकडे भातकापणी झाली की गावोगाव सामने सुरू व्हायचे. शेतातली ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून मैदान करायचं, फक्कीनं रेषा मारायच्या, दोन बांबूंना कर्णा बांधायचा, झालं. मी एका टेबलाशी वही घेऊन बसायचो. टेबल म्हणजे शाळेचंच, बहुधा तीन पायांचं.

बातमी पाठवायची कशी, हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. ट्रंककॉल लावायचा तर पोस्टात जाऊन तासन्‌तास बसा. म्हणून बातमी खाकी पाकिटात घालायची आणि साडेसहाच्या ठाणा गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ठाण्याच्या स्टँडवर आमच्या पेपरचा शिपाई उभा असे. ड्रायव्हर पाकीट खिडकीतून त्याच्या हातात ठेवी. गाडी गाठली तर बातमी उद्याच्या अंकात, चुकली तर परवाच्या. माझी सगळी पत्रकारिता त्या साडेसहाच्या गाडीच्या मागं धावण्यात गेली, असं म्हटलं तरी चालेल.

गिऱ्हाइकंही एकेक भारी. एका गावचा संघ जिंकला की खेळाडूंच्या नावांबरोबर नारळ फोडणाऱ्याचंही नाव छापून यायला पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे. छापलं नाही तर पुढच्या सामन्याला मला पाणी देत नसत. कोन गावचे गणूकाका तर अजून डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या गावाचा संघ दर वर्षी हरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काका धोतर सावरत शाळेच्या दाराशी हजर. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, मैदानात हरलो त्ये हरलो. पेपरात तरी बरोबरी करा की."

मी हसलो होतो. मैदानात होतं ते एक आणि पेपरात होतं ते दुसरं, हे त्या म्हाताऱ्याला माझ्याआधी कळलं होतं.

आता बाळाराम. वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. भाताच्या चार दाण्यांवर घर चालेना म्हणून भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका कारखान्यात मागावर लागला होता. उंची बेताची, छाती भरलेली, बोलणं जवळजवळ नाहीच. पण चढाईला निघाला की पाहत राहावं. ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: चढाई करणाऱ्यानं एकाच श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, गडी शिवायचे आणि दम तुटायच्या आत परत यायचं. श्वास घेतला की बाद. बाळारामचा दम लोक मोजायचे. समोरचे बचाव करून दमायचे, पण ह्याचं घुमणं चालूच. एखादी विहीर उपसावी आणि पाणी खालीच जाऊ नये, तसं वाटे.

त्या वर्षी तालुक्याचा अंतिम सामना भिवंडीत होता. पौषातली उतरती दुपार. बाळारामचा संघ मागं पडलेला, वेळ संपत आलेली. तो शेवटच्या चढाईला निघाला आणि एका दमात चार गडी मारून मधल्या रेषेवर हात टेकवला. कर्णेवाला ओरडायचं विसरला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि तो हसला तेव्हा मला दिसलं की त्याचे ओठ, दात, जीभ, सगळं निळं आहे. शाई प्यायल्यागत. जांभळाचे दिवस असते तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण पौषात जांभळं कुठली?

हरलेल्या संघाचे व्यवस्थापक माझ्या टेबलाशी आले. हे गृहस्थ एका दवाखान्यात कंपाउंडर होते. चेहरा गंभीर. मला म्हणाले, "मास्तर, जीभ बघितलीत? ही गोळीची खूण. एवढा दम माणसाचा नसतो हो."

इथं माझं पाप सांगतो. त्याच सुमारास परदेशातल्या कुठल्याशा खेळाडूचं पदक औषधाच्या गोळीपायी काढून घेतल्याची बातमी मी वाचली होती. कात्रण कापून वहीत ठेवलं होतं. 'उत्तेजक द्रव्य' हा शब्द मला तेव्हा नवीन होता आणि भयंकर आवडला होता. तो कधी आणि कुठं वापरायला मिळेल याची मी वाट बघत होतो. कंपाउंडरनं ती सोय केली. आता कंपाउंडर म्हणजे बाटलीला कागदी पट्टी चिकटवून डोस आखणारा माणूस, पण मी लिहिताना त्याला बढती दिली. लिहिलं, 'वैद्यकीय जाणकारांच्या मते'.

बाळाराम माझ्यापासून वीस पावलांवर होता. पाण्याच्या पिंपापाशी बसून डोक्यावर तांब्या ओतून घेत होता. उठून जायचं आणि विचारायचं, बाबा रे, जीभ कशानं निळी झाली? एवढंच काम होतं. मी घड्याळ बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पाकीट बंद केलं आणि सायकलवर टांग मारली. गाडी मिळाली. ड्रायव्हरनं विचारलंसुद्धा, काय मास्तर, आज मोठी बातमी दिसते. मी म्हणालो, हो, मोठी आहे. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

मी बातमीत 'संशय' हा शब्द दोनदा घातला होता. ठाण्याला सबनीस म्हणून आमचे उपसंपादक होते. तरतरीत माणूस, पण शब्द कापायचा भारी नाद. त्यांनी जागा कमी पडते म्हणून दोन्ही 'संशय' उडवले. सोमवारी सकाळी पहिल्या पानावर तीन कॉलमांत मथळा: 'कबड्डीत उत्तेजक गोळी! भिवंडीच्या खेळाडूची जीभ निळी!' खाली बाळारामचं नाव, गावाचं नाव, कारखान्याचं नाव, सगळं. सबनिसांना दोष देऊन मोकळं व्हायचं म्हटलं तर होता येईल, पण ते खरं नाही. काडी मी ओढली, त्यांनी नुसता पेंढा पुढं केला.

त्या दिवशी शाळेत माझा भाव वधारला. शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याभोवती. हेडमास्तरांनी स्वतःहून चहा मागवला. पानवाला म्हणाला, मला ठाऊकच होतं, त्याच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच दिसायचं. पानवाल्यानं बाळारामला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. छापून आलं की लोकांना सगळं आधीपासून ठाऊक असतं.

दुपारी शाळा सुटल्यावर घरी आलो तर ओट्यावर एक बाई बसलेली. काष्टा घातलेलं लुगडं, पाय धुळीनं भरलेले, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. बाळारामची आई. गावाहून सकाळच्या गाडीनं आली होती, आधी कारखान्यात पोराला भेटली होती आणि मग पत्ता विचारत विचारत आमच्याकडे पोचली होती. हिनं तिला चहा दिला होता, तो तिनं घेतला नव्हता. मला बघून ती उठली नाही. फडकं सोडलं. आत तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी.

"ह्ये खातो माजा पोर," ती म्हणाली. "सकालची न्ह्यारी ह्यी आन् रातचं जेवन ह्यी. माज्या हातचं. ह्यात गोली कंची हाय ती दाखवा."

ती मग खाली बघत एकेक सांगत गेली. त्या येत्या रविवारी कल्याणला जिल्ह्याची निवड होती. तिथं मुंबईच्या एका गिरणीचा माणूस खेळाडू घ्यायला येणार होता. गिरणीच्या संघात खेळायचं आणि गिरणीत कायमची नोकरी. खोली मिळेल, फंड मिळेल, आजारपणाला दवाखाना मिळेल. बाळारामचं नाव पक्कं झाल्यातच जमा होतं. सकाळी पेपर आला आणि दुपारच्या आत कबड्डी संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला बोलावून सांगितलं की चौकशी होईपर्यंत तुझं खेळणं बंद. बाळारामनं त्यांना सांगितलं, साहेब, सुताचा रंग हाय. अध्यक्ष म्हणाले, सगळे असंच म्हणतात, पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असेलच.

"कुनी आयकंत न्हाय," आई म्हणाली. "तुमी लिवलंव, तुमीच जाऊन बगा."

ती गेली. फडकं तिथंच राहिलं. ही म्हणाली, "आधी जाऊन या. मग जेवा." मी तेवढा शहाणा होतो की लगेच उठलो.

आता माझी खरी लाज सांगतो. माझा जन्म भिवंडीतला. मागांची खटखट ऐकत लहानाचा मोठा झालो. ती थांबली तर आम्हाला झोपेतून जाग यायची. यंत्रमागांवर मी डझनांनी बातम्या लिहिल्या होत्या. पण माग चालतो त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बातमीसाठी गेलो तर शेटच्या गादीवर बसायचं, थंड पाणी प्यायचं, आकडे लिहून घ्यायचे आणि निघायचं. आत काय चालतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

निजामपुऱ्यातल्या त्या बोळात दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागे. कारखान्याच्या दारातून शिरलो आणि कान बंद झाले. शेजारच्याच्या कानाला तोंड लावल्याशिवाय बोलणं नाही. हवेत कापसाची रुई तरंगत होती, दिव्यांवर, भिंतींवर, माणसांच्या भुवयांवर साठलेली. बाळारामनं मला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर ना राग ना काही. त्यानं हातानंच खूण केली, थांबा. त्याच्या मागातला धोटा रिकामा झाला होता. धोटा म्हणजे ती लाकडी होडी, जी सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळते. शटल म्हणतात तो. बाळारामनं माग थांबवला, धोटा काढला, नवी कांडी बसवली. सूत निळं होतं, लुगड्याच्या काठाचं असावं. धोट्याच्या कुशीला एक बारीक भोक असतं, त्यातून सुताचं टोक बाहेर काढायचं असतं. बाळारामनं त्या भोकाला ओठ लावले आणि एक झुरका मारला. सट्ट असा आवाज आला आणि सूत त्याच्या तोंडात. तोंडातून काढून बोटाला गुंडाळलं, धोटा जागेवर ठेवला आणि माग सुरू. त्यानं बाजूला थुंकलं. थुंकी निळी.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या कारागिराकडे बोट केलं.

ते रहीमचाचा. उत्तर प्रदेशातून तरुणपणी आलेले, पांढरी दाढी, आणि त्या दाढीच्या मधोमध निळे ओठ. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं की हे रोज असंच? ते मला ओढत बाहेर बोळात घेऊन आले, म्हणजे ऐकू येईल. भिवंडीत बहुतेक मागांवर कोरं पांढरं कापड विणतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ह्या कारखान्यात मधूनमधून रंगीत सूत येतं. बाळारामला त्या मागावर घातलं त्याला जेमतेम आठवडाच झाला होता.

"यहाँ तो सब की नीली है, मास्टरजी," चाचा म्हणाले. "उसके पहले हम लोगों की लाल थी, तब तो आप लोग समझे पान खाया है."

मी चाचांना म्हणालो की मला करून बघायचंय. का म्हणालो ठाऊक नाही. त्यांनी मला पुन्हा आत नेलं, एक धोटा हातात दिला. मी भोकाला तोंड लावून ओढलं. सूत आलं नाही. रुई मात्र घशात गेली आणि मी असा खोकलो की चार माग थांबले. दुसऱ्यांदा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं. चौथ्या वेळेला सूत आलं, त्याबरोबर तेलकट, कडवट चव आली आणि डोळ्यांत पाणी आलं. सगळे कारागीर हसत होते. बाळारामही हसला, त्या दिवशी पहिल्यांदा. एका पाळीत असं किती वेळा करतोस, मी खुणेनं विचारलं. त्यानं दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि मग सोडून दिलं.

कुणीतरी आरशाचा तुकडा आणून दिला. माझी जीभ निळी झाली होती. खालचा ओठही.

चूळ भरून घ्या, चाचा म्हणाले. मी म्हटलं, नको. तसाच बाजारातून निघालो. कापड बाजार, भाजी बाजार, तीन बत्तीच्या नाक्यापर्यंत. माझे विद्यार्थी भेटले, त्यांच्या आया भेटल्या. नमस्कार मास्तर, म्हणायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. पानवाल्यानं मान खाली घातली. कबड्डी संघटनेचे अध्यक्ष धान्याचे व्यापारी होते, गोण्यांच्या मधोमध बसायचे. कंपाउंडरही तिथंच बसलेला. मी काही न बोलता दोघांसमोर उभा राहिलो आणि जीभ बाहेर काढली.

अध्यक्षांच्या हातातली तपकिरीची डबी तशीच राहिली. म्हणाले, "अहो मास्तर, तुम्हीपण गोळी घेतलीत की काय?"

मी सगळं सांगितलं. अध्यक्ष हसले, खूप हसले. कंपाउंडर हसला नाही, पण म्हणाला की मी फक्त शंका बोलून दाखवली होती, छापा असं कुठं म्हणालो? खरं होतं त्याचं. अध्यक्षांनी तिथल्या तिथं, बिलाच्या कागदावर, बाळारामला खेळायला परवानगी असल्याचं लिहून शिक्का मारला. मी तो कागद घेऊन निजामपुऱ्याला उलट पावली गेलो. मला वाटलं, निस्तरलं. किती सोपं होतं, असंही वाटलं.

त्याच संध्याकाळी सबनिसांना चिठ्ठी पाठवली की चूक झाली, पहिल्या पानावर तेवढाच मोठा खुलासा छापा. उत्तर आलं नाही. बुधवारी शाळा बुडवून ठाण्याला गेलो. सबनीस माझ्यापेक्षा वयानं मोठे, त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "पहिल्या पानावर खुलासा छापला तर वाचक म्हणतील आपली बातमीच खोटी."

"ती खोटीच होती," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघून कापाकापी करू लागले. खुलासा शुक्रवारी आला. चौथ्या पानावर, पाच ओळी, 'म्हैस हरवली आहे' या जाहिरातीच्या खाली. म्हशीला सात ओळी होत्या.

रविवारी मी बाळारामबरोबर कल्याणला गेलो. तो खेळला, आणि काय खेळला. जिल्ह्याच्या संघाच्या यादीत त्याचं नाव पहिलं वाचलं गेलं. मग गिरणीचा माणूस खुर्चीतून उठला. मी पुढं होऊन ओळख करून दिली. त्यानं बाळारामच्या पाठीवर हात ठेवला, खेळाचं कौतुक केलं, आणि मला बाजूला घेतलं. म्हणाला, पोरगा चांगला आहे, पण नाव पेपरात आलंय. आमचे साहेब विचारतील, कशाला भानगड? मी खिशातून खुलाशाचं कात्रण काढलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"हे कोण वाचतं हो, मास्तर?" तो म्हणाला. वाईट नव्हता माणूस. त्यानं दुसरे दोघं घेतले. दोघंही बरे खेळायचे.

परतीच्या गाडीत बाळाराम खिडकीशी बसला होता आणि मी त्याच्या शेजारी. मी माफी मागायला तोंड उघडत होतो आणि मिटत होतो. वाटेवरचं कोन गाव आलं तसा तो उठला. म्हणाला, चला मास्तर, च्या घेऊ. उतरलो. टपरीवर गणूकाका बसलेलेच. त्यांना सगळ्या तालुक्याची खबर असायची. त्यांनी विचारलं, काय रे, घेतलं का तुला?

"पेपरात घेतलं, काका," बाळाराम म्हणाला. "गिरनीत न्हाय."

एवढाच काय तो त्याचा टोमणा, आणि तोही त्यानं चहाची बशी तोंडाला लावून मारला. मी मात्र बशी तोंडाला न लावता धरून बसलो. डोळे भरून आले, लपवायचं म्हटलं तरी लपेनात. तेव्हा त्यानं बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "तुमी आलात. आमच्यासारकं तोंड रंगवून बाजारातून फिरलात. ह्ये कोन करतो? प्या आता."

पुढच्या सामन्याला तो मैदानात उतरायच्या आधी सरळ माझ्या टेबलाशी आला. दोन्ही संघ उभे, पंच शिट्टी तोंडात धरून बसलेले. माझ्यासमोर वाकला आणि जीभ बाहेर काढली. त्या दिवशी ती हिरवी होती.

"बगून घ्या, मास्तर," तो म्हणाला. "मंग लिवा."

सगळं मैदान हसलं. मीही हसलो. मग तो रिवाजच पडला. तो खेळत होता तोवर, सात-आठ वर्षं, एकही सामना त्यानं मला जीभ दाखवल्याशिवाय सुरू केला नाही. बाहेरगावचे संघ विचारायचे, हा काय प्रकार? आमचे लोक सांगायचे, ती मास्तरांची दक्षिणा आहे. माझंही एक झालं. त्यानंतर मी साडेसहाच्या पुष्कळ गाड्या सोडल्या. कुणावर काही बालंट आलं की आधी त्या माणसाला गाठायचं, मग पाकीट बंद करायचं. सबनीस चिडायचे, तुमची बातमी शिळी येते म्हणायचे. येऊ दे म्हटलं.

पण सगळं गोडात संपलं, असं कुणी समजू नये. बाळाराम मागावरच राहिला. तीस वर्षं तो धोट्याचा झुरका मारत राहिला आणि सुताबरोबर रुई आत जात राहिली. लोकांनी ज्याचा दम मोजावा अशा त्या माणसाला आता घराची पायरी चढून आलं की भिंतीला हात टेकून उभं राहावं लागतं. डॉक्टर म्हणतात छातीत धूळ बसलीय. गिरणीत काय धूळ नसते का, असं कुणी म्हणेल. असते. पण खेळाडूंना तिथं धुळीपासून लांब, वरच्या हलक्या कामावर ठेवत, आणि दवाखाना होता. हे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे, आणि आम्ही दोघंही ते कधी बोललो नाही.

हा लेख लिहून झाला तेव्हा मी वज्रेश्वरीची गाडी पकडून त्याच्या गावी गेलो. त्याच्यावर एकदा विचारल्याशिवाय लिहिलं होतं, दुसऱ्यांदा ते करायचं नव्हतं. तो पडवीत खाटेवर बसला होता. आई केव्हाच गेली. त्याच्या बायकोनं भाकरी आणि सुकटीची चटणी पुढं ठेवली, आणि मी सगळा लेख त्याला वाचून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत होता. मध्येच खोकायचा, मग मी थांबायचो.

चार गडी मारल्याचं वाचलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. "चार न्हाय," तो म्हणाला. "तीनच. चौथा भिवून सवताच रेषेभाईर गेलाता." म्हणजे इतक्या वर्षांनीही मी चुकलोच. वरचे चार मी मुद्दाम तसेच ठेवलेत, माझी खोड वाचकांना कळावी म्हणून.

गिरणीचा भाग आला तेव्हा मी भरभर वाचू लागलो. त्याच्या ते ध्यानात आलं. म्हणाला, गिरनी तरी कुटं राहिली, मास्तर? गेलू असतू तरी संपात घरीच बसलू असतू. हे तो माझ्यासाठी बोलत होता. ब्याऐंशीच्या गिरणी संपाआधीची चांगली पाच-सात वर्षं त्याला मिळाली असती, आणि एवढा हिशेब मास्तरला येतो.

मी कागदांची घडी घातली आणि विचारलं, "छापू ना?"

बाळाराम भिंतीला धरून खाटेवर जरा पुढं सरकला. दम लागला, म्हणून थोडा थांबला. मग माझ्याकडे वाकला आणि जीभ बाहेर काढली.

मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला, आणि त्याच्यासमोर उकिडवा बसून नीट बघितली.